अल्फा रॉकेट, डेन्व्हरचं गॅरेज: कामाच्या नोंदी

१२ एप्रिल

किट उघडलं. एस्टेस कंपनीचं ‘अल्फा’, खरोखर उडणारं छोटं मॉडेल रॉकेट. बांधून झाल्यावर लांबी साधारण ३१ सेंटिमीटर, नळीचा व्यास २४.८ मिलिमीटर, बाल्साच्या लाकडाचे तीन पंख, १२ इंची प्लॅस्टिकची छत्री (पॅराशूट) आणि मागे १८ मिलिमीटर व्यासाचं इंजिन. कंपनी इथून दोन तासांवर, पेनरोज गावी आहे. याच नावाचं ‘अल्फा थ्री’ही मिळतं. त्याचे पंख एकाच तुकड्यात ओतलेले असतात, त्यामुळे ते एका संध्याकाळी होतं. आम्ही मुद्दाम साधं घेतलं. वेळ भरपूर होता आणि हाताला काम हवं होतं.

सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले आणि नातवंडं शाळेतून येईपर्यंत काय करायचं हे न सुचणारे बरेच आजी-आजोबा इथल्या बागेत भेटतात. त्यातल्या दोघातिघांनी विचारलं, म्हणून हे लिहून ठेवतोय. मी सातपूर एमआयडीसीत फिटर होतो. रॉकेटातलं काही कळत नव्हतं, पण कागद, लाकूड आणि गोंद कळतो, आणि या किटमध्ये तेवढंच आहे.

आज काहीच चिकटवलं नाही. सगळे भाग कोरडेच एकमेकांत घालून पाहिले. इंजिनाच्या नळीवरच्या दोन कागदी रिंगा मोठ्या नळीत फारच घट्ट जात होत्या. शून्य नंबरच्या पॉलिशपेपरवर गोल फिरवून त्या सैल केल्या. मापं सगळी इंचात आहेत. नात म्हणाली, “आबा, मी सांगते तुम्हाला,” आणि तिने ती सेंटिमीटरमध्ये करून कागदावर लिहून दिली.

१३ एप्रिल

इंजिन ज्यात बसतं ती जोडणी. एक छोटी नळी, तिच्या आत ठोकर म्हणून एक जाड रिंग, बाहेरून दोन रिंगा आणि इंजिन मागे निसटू नये म्हणून पोलादी पट्टीचा हुक. छोट्या नळीला ब्लेडने चीर पाडून हुकाचं वाकवलेलं टोक त्यात बसवायचं. हे सगळं नातीने केलं आणि नीट केलं.

ती जोडणी मोठ्या नळीत सरकवायचं काम माझं. पिवळा वूड ग्लू रिंगांना बाहेरून लावला, अर्ध्यावर सरकवली आणि हुक पंखांच्या मधोमध येतोय का ते बघायला थांबलो. तेवढ्यात गोंदाने पकडलं. कागद गोंदातलं पाणी पितो, फुगतो आणि नळीच्या भिंतीला आवळून बसतो. त्याला काही सेकंद पुरतात. फेविकॉलची सवय असलेल्याला वाटतं, अजून बराच वेळ आहे. तो नसतो. हेअर ड्रायरने तापवून पाहिलं, तर मोठ्या नळीचा बाहेरचा कागदच सुटायला लागला. तिथेच सोडून दिलं. जोडणी हवी त्यापेक्षा ८ मिलिमीटर बाहेर राहिली.

नळी कापून नवीन घ्यायची का, यावर घरात चर्चा झाली. मी म्हटलं, नको. इंजिनाचा सगळा धक्का रिंगांमधून नळीत जातो, आणि रिंगा तर चांगल्याच घट्ट बसल्या आहेत. पंख मोठ्या नळीवर लागणार, त्यांची जागा बदलत नाही. मागच्या रिंगेभोवती काडीने गोंदाची एक जाड गोलाई भरली आणि नळी उभी करून ठेवली.

तुम्ही करताना गोंद रिंगांना लावू नका. रिंग जिथे येणार त्या खोलीवर, नळीच्या आतून, काडीने लावा. किती आत जायचं त्याची खूण आधी करून ठेवा आणि एकाच दमात सरकवा. शंका आली तरी थांबायचं नाही.

१६ एप्रिल

पंख. बाल्साच्या पातळ फळीतून लेसरने कापलेले येतात, नुसते हलकेच दाबून सुटे करायचे. लाकडाच्या रेषा पंखाच्या पुढच्या कडेला समांतर आहेत ना, ते पाहून घेतलं. रेषा आडव्या असतील तर पंख वर जातानाच मोडतो. तिन्ही पंख एकत्र टाचणीने टोचून एकदम घासले, म्हणजे आकार सारखा राहतो. मग पुढची कड गोल केली आणि मागची निमुळती. नळीला चिकटणारी कड मात्र अजिबात गोल करायची नाही. नातीने एका पंखाची तीही गोल केली होती. ती सपाट करताना पंख दीड मिलिमीटरने आखूड झाला, मग बाकीचे दोनही तेवढेच घासले.

१९ एप्रिल

बाहेर बर्फ. एप्रिल संपत आला तरी इथे बर्फ पडतो, हे लक्षात ठेवूनच रंगकामाचा बेत करा.

बाल्साची छिद्रं बुजवायला लाकडाचं फिलर पाण्यात पातळ करून ब्रशने लावलं. आपल्याकडे सुतार लांबी भरतात, तेच काम. पहिल्या पंखाला एकाच बाजूने लावलं आणि तो तासाभरात पन्हाळीसारखा वाकला. दुसऱ्या बाजूने लावून दोन जाड पुस्तकांमध्ये प्लॅस्टिकच्या कागदात दाबून ठेवला, तेव्हा बराचसा सरळ झाला. उरलेल्या दोघांना दोन्ही बाजूंनी लागोपाठ लावलं. ते वाकले नाहीत.

या कामाने रॉकेट उंच जातं की नुसतं दिसायला चांगलं होतं, यावर चिरंजीवांचं आणि माझं एकमत नाही. माझ्या मते या आकाराच्या रॉकेटला फरक फार पडत नाही. पण रंगातून लाकडाच्या रेषा दिसल्या तर मला झोप लागणार नाही.

२६ एप्रिल

किटमध्ये नळीभोवती गुंडाळायची कागदी पट्टी येते, तिच्यावर तीन पंखांच्या आणि रॉकेट उडताना ज्या सळईवरून सरकतं तिच्या नळकांडीच्या खुणा असतात. खुणा करून झाल्या की त्यातून नळीच्या लांबीला समांतर रेघ मारायची, आणि ही रेघ हाताने सरळ येतच नाही. चिरंजीवांकडे अॅल्युमिनियमच्या अँगलचा एक तुकडा पडला होता. नळीवर त्याची घडी ठेवली की तो आपोआप समांतर बसतो. अँगल नसेल तर दाराच्या चौकटीचा कोपरा वापरा.

पंख चिकटवताना पंखाच्या कडेला आणि नळीवरच्या रेघेवर, दोन्हीकडे गोंदाचा पातळ हात द्यायचा. तो अर्धवट वाळू द्यायचा. मग पंखाला पुन्हा एक बारीक रेघ गोंद आणि जागेवर दाबून धरायचं. मिनिटाभरात पंख स्वतःहून उभा राहतो. सुरुवातीला मी एकदाच भरपूर गोंद लावून पंखाला टेकण्या दिल्या होत्या. रात्री पंख घसरून तिरका झाला. सकाळी नळीच्या मागून पाहिलं तर डोळ्यालाही कळत होता. ब्लेडने कापून काढला, नळीचा थोडा कागदही निघाला, तिथे फिलर भरून पंख परत लावला.

पंख थोडा तिरका असला तर रॉकेट गिरक्या घेत जातं, पडत नाही. सोडून दिला असता तरी चाललं असतं. पण फिटरने तिरकी वस्तू हातावेगळी करायची नाही, एवढंच कारण.

२७ एप्रिल

पंखांच्या बुडाला दोन्ही बाजूंनी गोंदाची गोलाई दिली, बोटाने पुसत. वेल्डिंगमध्ये याला फिलेट म्हणतात, इथेही तेच म्हणतात. नळी आडवी ठेवून एका वेळी वर आलेल्याच दोन खाचा भरायच्या आणि वाळेपर्यंत नळी फिरवायची नाही. नाहीतर गोंद एका टोकाला ओघळून थेंब बनतो.

सळईवर सरकणारी छोटी नळकांडीही आज लावली. लाँच पॅडची खरी सळई तिच्यातून घालून समांतर बघितली.

३ मे

लवचिक दोरी. नोज कोन, म्हणजे रॉकेटचं टोक, आणि नळी उडताना वेगळी होतात, पण एकमेकांना बांधलेली राहायला हवीत, त्यासाठी ही दोरी. तिचं एक टोक कागदाच्या तीन घड्यांत गोंदाने अडकवून नळीच्या आतल्या भिंतीला चिकटवायचं. ही घडी नळीच्या तोंडाजवळ लावू नका. नोज कोनचा आत जाणारा भाग जिथे संपतो त्याच्या बऱ्याच खाली लावा, नाहीतर कोन तिच्यावर अडकतो. माझं बोट तेवढं आत जाईना, नातीचं गेलं.

किटमधली दोरी मला आखूड वाटली. पण सूचनांत तीच होती, म्हणून तीच लावली. पुढे १८ मेची नोंद वाचा.

११ मे

रंग. मधले दिवस एकतर वारा होता, नाहीतर थंडी. स्प्रेच्या डब्यावर किमान तापमान लिहिलेलं असतं, ते पाळा. मी आठवड्यापूर्वी गॅरेजमध्ये थंडीतच प्रायमर मारून पाहिला होता. त्यावर संत्र्याच्या सालीसारखे खड्डे आले आणि ते सगळं घासून काढण्यात एक दुपार गेली.

आज चांगलं ऊन होतं. पांढरा प्रायमर, घासणं, परत प्रायमर, मग नळीला पांढरा आणि पंखांना भगवा रंग. रंग नातीने निवडला. इथल्या लोकांना तो केशरी फुटबॉल टीमचा वाटतो, आमच्या घरात प्रत्येकाला वेगळंच काही वाटतं.

वाळल्यावर पाहिलं तर नोज कोन नळीत जाईना. मास्किंग टेप कोनाच्या बुडाला नीट बसला नव्हता आणि रंग नळीच्या तोंडातही उडाला होता. दोन्ही घासले. कोन किती घट्ट हवा, याची एक सोपी परीक्षा आहे. कोन धरून रॉकेट उचललं तर ते लटकत राहिलं पाहिजे, आणि हलकासा झटका दिला की सुटलं पाहिजे. सैल झाला तर टेपचा एक वेढा द्या. घट्ट असेल तर घासल्याशिवाय उडवू नका. इंजिनाच्या पुढच्या टोकाला बारुदाचा छोटा भार असतो, कोन आणि छत्री बाहेर फेकण्यासाठी. कोन सुटला नाही तर तो जोर मागे जातो आणि इंजिन हुकासकट बाहेर पडू शकतं, आणि छत्री आतच राहते.

१७ मे

उद्या उडवायचं. आज तोल तपासला. इंजिन, छत्री, वॅडिंग (छत्री जळू नये म्हणून तिच्याखाली घालायचे न पेटणारे कागद) सगळं आत भरून दोऱ्याच्या फासात रॉकेट आडवं टांगलं, तोल साधतो ती जागा टेपने पक्की केली आणि अंगणात डोक्याभोवती गोल फिरवलं. तोंड पुढे ठेवून फिरत राहिलं तर ठीक. ते शेपटीकडून किंवा आडवं फिरू लागलं तर टोकात वजन घालावं लागतं. आमचं तोंडाकडून फिरलं. शेजारच्या बाई कुंपणापलीकडून बराच वेळ बघत होत्या.

इंजिन पहिल्या उड्डाणासाठी ए८-३. अक्षर एकूण जोर सांगतं. ए म्हणजे जास्तीत जास्त २.५ न्यूटन-सेकंद, बी म्हणजे ५, सी म्हणजे १०. दर अक्षराला दुप्पट. मधला आकडा सरासरी धक्का, न्यूटनमध्ये. शेवटचा आकडा इंजिन जळून संपल्यावर छत्री उघडेपर्यंतचे सेकंद. दुकानात लोक अक्षर बघून घेतात. शेवटच्या आकड्याकडे जास्त लक्ष द्या.

१८ मे

मोकळं मैदान, सकाळी साडेसात. इथे दहानंतर वारा सुटतो. गवत हिरवं होतं. वाळलं असतं तर परत आलो असतो. सगळे सळईपासून पंधरा फुटांवर.

पहिल्या वेळी बटण दाबलं, काही झालं नाही. बटणाच्या संचाची किल्ली काढून घेतली आणि पूर्ण एक मिनिट थांबलो. हा नियम नातीला तोंडपाठ आहे, ती मोठ्याने सेकंद मोजत होती. जवळ जाऊन पाहिलं तर स्टार्टरच्या (इंजिन पेटवणाऱ्या काडीच्या) दोन तारांना लावलेल्या चिमट्या एकमेकींना टेकल्या होत्या. त्या वेगळ्या केल्या, पॉलिशपेपरने घासल्या, स्टार्टर इंजिनाच्या तोंडात पार आत, बारुदाला टेकेपर्यंत सरकवून प्लॅस्टिकचा खुंटा नीट दाबला. पाच, चार, तीन, दोन, एक. सूं करून गेलं. इतक्या पटकन की मुलाने फोनवर घेतलेल्या चित्रीकरणात नुसता धूर आहे.

वरती कोन सुटला, छत्री बाहेर आली, पण उघडली नाही. गुंडाळीच राहिली आणि रॉकेट जवळजवळ दगडासारखं आलं. कडक माती, एका पंखाची गोलाई तडकली. शिवाय नळीच्या तोंडाला एक चंद्रकोरीसारखा खड्डा. कोन बाहेर फेकला गेला, आखूड दोरी ताणली आणि त्याच जोराने तो परत येऊन नळीवर आपटला. ही इतकी नेहमीची गोष्ट आहे की इथले जुने लोक या खड्ड्याला कंपनीच्या नावानेच ओळखतात.

छत्री का उघडली नाही, ते घरी आल्यावर कळलं. मी ती आदल्या रात्री घडी करून भरली होती. रात्रभर थंड गॅरेजमध्ये प्लॅस्टिकने ती घडी धरून ठेवली. छत्री उडवायच्या आधी पाच मिनिटं भरायची. तिच्यावर टाल्कम पावडर चोळायची, म्हणजे पदर एकमेकांना चिकटत नाहीत. सुनेच्या ड्रेसिंग टेबलावरचा डबा आता गॅरेजमध्ये आहे.

खोक्यावर रॉकेट वर जातानाचं चित्र आहे. आम्हाला वेळ लागला तो सगळा ते खाली आणण्यात.

२० मे

दुरुस्ती. तडकलेल्या फटीत गोंद भरला. तोंडाच्या खड्ड्याला आतून पातळ गोंद चोळून, योग्य व्यासाचा डबा आत घालून गोल केला. दोरीसाठी केव्हलार या मजबूत कृत्रिम धाग्याचा दोरा मागवला. तो सहज जळत नाही. खरं तर तो इंजिनाच्या जोडणीला बांधून मग ती आत सरकवायची असते, म्हणजे कागदाची घडी लागतच नाही. आमची जोडणी कायमची बसलेली आहे, त्यामुळे जुन्या लवचिक दोरीलाच केव्हलार जोडून एकूण लांबी रॉकेटच्या तिप्पट केली.

२५ मे

पुन्हा ए८-३. छत्री पूर्ण उघडली. तरी रॉकेट माझ्या अपेक्षेपेक्षा जोरात आलं. डेन्व्हर १,६०० मीटर उंचीवर आहे, हवा समुद्रसपाटीपेक्षा विरळ. त्यामुळे रॉकेट थोडं जास्त वर जातं, पण छत्रीही साधारण दहा टक्के जास्त वेगाने खाली येते. मुंबईत हीच छत्री अंमळ हळू आली असती.

मग बी६-४. तोपर्यंत वारा वाढला होता. पंख असलेलं रॉकेट वाऱ्याकडे तोंड वळवतं, हे वाचलं होतं. प्रत्यक्षात ते इतकं वळेल असं वाटलं नव्हतं. वर जाताना वारा येत होता त्या बाजूला झुकलं आणि छत्री उघडल्यावर उलट वाहत आमच्या डोक्यावरून गेलं. पॉपलरच्या झाडांच्या रांगेपलीकडे, ओढ्याच्या काठाला सापडलं. नात पळाली, मी मागून हळूहळू. पायाखाली प्रेअरी डॉगांची (खारीसारख्या प्राण्यांची) बिळं, म्हणून वर बघत धावायचं नाही हे तिला आधीच सांगून ठेवलं होतं.

छत्रीच्या एका पाकळीला चुरगळून वितळल्याचा डाग होता. वॅडिंगचे कागद कमी पडले. घट्ट कोंबू नका, पण नळीचा घेर पूर्ण भरेल इतके सैलसर चुरगळून घाला. आणि साधा टिश्यू पेपर वापरू नका. तो पेटतो, जळत खाली येतो, आणि खाली गवत आहे.

३१ मे

वाऱ्यासाठी छत्री लहान करायची एक युक्ती केली. छत्रीच्या दोऱ्या निम्म्यावर एकत्र धरून तिथे टेपचा वेढा दिला. छत्री अर्धीच उघडते, रॉकेट लवकर खाली येतं, लांब जात नाही. बी६-४ वर उडवलं, पॅडपासून हाकेच्या अंतरावर आलं. पंख शाबूत.

“आबा, आता सी टाकू या ना.” नाही म्हटलं. सी इंजिनाला सुरक्षा नियमांप्रमाणे किमान चारशे फूट बाजूचं मैदान लागतं. आमचं एका बाजूने तेवढं आहे, दुसऱ्या बाजूने रस्ता. वाद झाला, मग तिने स्वतः पावलांनी मोजलं आणि गप्प बसली.

१४ जून

लाल झेंड्याचा, म्हणजे आगीच्या धोक्याचा इशारा, कोरडी हवा, जोराचा वारा. काउंटीने आगीवर निर्बंध घातले, त्यामुळे उडवणं बंद. जायच्या आधी इथली अग्निशमन विभागाची सूचना बघायची सवय लावून घ्या.

खर्च साधारण असा: किट २० डॉलर, पॅड आणि बटणाचा संच ३८, ए८-३ ची तीन इंजिनं १३, बी६-४ ची तीन १४, वॅडिंग ७, फिलर ६, प्रायमर आणि दोन रंग २४, केव्हलार ८. पॅड, बटण, केव्हलार पुढच्या रॉकेटलाही चालतील. उरलेली इंजिनं मुलाच्या कपाटात राहतील. बारुदाची इंजिनं विमानात न्यायला बंदी आहे, ना हातातल्या सामानात ना मोठ्या बॅगेत. नातीला ते पटत नाहीये, ती मला नाशिकला एक नेऊन उडवायला सांगत होती.

२१ जून

दुसरं किट आलं, ‘बिग बर्था’. जाड नळी, चार पंख, सावकाश उठतं म्हणे, म्हणजे चित्रीकरणात तरी दिसेल. इंजिनाच्या जोडणीला आज सगळ्यात आधी केव्हलार बांधला. गोंद आतून लावला. सरकवायचं काम नातीला दिलं.